जवारी काढ

ऐक. फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. कारण आधी प्रश्न मीच विचारणार आहे.

एक तंबोरा आहे. तारा चार. पहिली लावलीय पंचमात, मधल्या दोन षड्जात, आणि शेवटची जाड तार खालच्या षड्जात, तिला खर्ज म्हणतात. म्हणजे चार तारा मिळून स्वर किती झाले? दोनच. सा आणि प. बरोबर? आता डोळे मिटायचे आणि कोणाला तरी तो तंबोरा छेडायला सांगायचा. एक मिनिट जातं, दोन मिनिटं जातात, आणि मग सा आणि प यांच्या मधून हळूच एक ग वर येतो. गंधार! अगदी स्पष्ट. कोणी गात नाही, गंधाराची तार नाही, तरी गंधार.

मग तो गातं कोण?

गार्गी आवटीनं पहिल्यांदा ऐकला ना, तेव्हा ती चक्क उठून तंबोऱ्याच्या मागे जाऊन बघून आली. मग भोपळ्याला कान लावला. मग टेबलाखाली वाकून बघितलं, कुठं स्पीकर चिकटवलाय का म्हणून. शेजारी बसलेला तौसीफ म्हणाला, "अगं, भोपळ्यात भूत आहे. गाणारं. फी न भरता क्लासला येतंय." सगळा वर्ग हसला आणि गार्गीचे कान लाल झाले.

हे कुठं, तर मिरजेच्या वाद्यघरात. तेच ते वाद्यांचं संग्रहालय, जिथं बिनड्रायव्हरची बस अगदी दारात थांबते. तिथल्या काचेवर तळहात ठेवला की आतल्या वाद्याचा साठवलेला आवाज ऐकू येतो, ते दीडशे वर्षांपूर्वी वाजायचं तसा. रविवारी तिथं मुलांची कार्यशाळा असते. वैजूताई गाणं शिकवतात आणि दस्तगीरचाचा वाद्यं. दस्तगीरचाचा म्हणजे जन्मभर तंबोरे घडवलेला माणूस. आता वय झालंय, हात थरथरतात. म्हणून संग्रहालयानं त्यांच्या मदतीला एक रोबो आणला होता, दोनच महिन्यांपूर्वी. शाळेच्या बाकाएवढा उंच, दोन बारीक हात, आणि एका हाताच्या टोकाला कानस. मुलांनी त्याचं नावच ठेवलं कानशा. बोलून सांगितलं की तो काम करायचा. आणि प्रकाशाच्या एका रेघेनं तो कुठलीही वस्तू मोजायचा, केसाच्या शंभराव्या भागापर्यंत.

तर गंधाराचं कोडं. चाचांनी काय केलं, उड्या मारायची दोरी आणली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं गार्गीच्या हातात दिलं.

"हलव. सावकाश."

दोरीला एक मोठं पोट आलं, वर-खाली, वर-खाली.

"आता दुप्पट वेगानं."

आणि गंमत बघ, दोरीचे आपोआप दोन भाग झाले! दोन पोटं, आणि मधला एक बिंदू अगदी शांत. आणखी वेग वाढवला तर तीन पोटं झाली. चारला गार्गीचा हात दुखायला लागला. पाच पोटं मात्र कानशानंच काढून दाखवली.

"तंबोऱ्याची तार पण हेच करते," चाचा म्हणाले. "पण दोरीसारखं एकामागून एक नाही. सगळं एकाच वेळी. अख्खी हलते, त्यातच अर्धी अर्धी हलते, त्यातच तीन तुकड्यांत, चार तुकड्यांत, पाच तुकड्यांत."

मग कानशानं भिंतीवर आकडे टाकले. समजा खर्जाची अख्खी तार सेकंदाला शंभर वेळा हलते. याला म्हणतात वारंवारता (एका सेकंदात किती वेळा थरथरलं तो आकडा). मग अर्धे तुकडे हलतात दोनशे वेळा, तो झाला वरचा सा. तीन तुकडे तीनशे वेळा, तो प. चार तुकडे चारशे, तो आणखी वरचा सा. आणि पाच तुकडे पाचशे वेळा. तो कोणता?

"ग!" गार्गी ओरडलीच.

हे सगळे झाले उपस्वर (मोठ्या स्वराच्या पोटात दडलेले छोटे स्वर). आणि तंबोऱ्यातल्या त्या ग ला गाणारे लोक म्हणतात स्वयंभू गंधार (कोणी न लावता आपला आपण उगवलेला).

"सुटलं कोडं," तौसीफ म्हणाला. "भूत निघून गेलं."

पण गार्गी म्हणजे गार्गी. ती म्हणाली, "चाचा, माझ्या दादाच्या गिटारची तार पण पाच तुकड्यांत हलत असणार ना? मग तिच्यात का नाही ऐकू येत ग?"

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. मग इतके खूश झाले की त्यांनी तिला काचेच्या कपाटातला चौदा नंबरचा तंबोरा जवळून दाखवला. त्याचा गंधार सगळ्यांत लवकर यायचा. भोपळ्याच्या वर जी लाकडी तबकडी असते, तिच्यावर एक पांढरी, हाडाची, चपटी पट्टी उभी होती. तिला म्हणतात घोडी. चारही तारा तिच्यावरून जातात.

"बोट फिरव. सपाट लागतं?"

"हो."

"नाही. डोळे मिटून फिरव."

डोळे मिटल्यावर कळलं. घोडीला अगदी हलका उतार होता, झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखा. "तारेला तिथं टेकवायचं, पण पुरतं टेकवायचं नाही. या वळणालाच आम्ही जवारी म्हणतो," चाचा म्हणाले. "हे वळण माझं नाही. तुमच्या चाचीचं आहे. जैतूनचं. दुकानाच्या पाटीवर नाव दस्तगीर, आणि जवारी जैतूनची. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. ती आतल्या खोलीत बसून काढायची."

जैतूनचाची जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि तंबोरा रोज वाजला की तारा घोडीला घासतात, वळण झिजतं, ते पुन्हा काढावं लागतं. त्यामुळं गावोगावच्या तंबोऱ्यांवरचं चाचींचं काम केव्हाच झिजून गेलं होतं. हा एकटा उरला होता, कारण तो काचेत असायचा. वर्षातून एकदा बाहेर, वाद्यघराच्या वाढदिवसाच्या बैठकीला, वैजूताईंच्या गाण्याला.

आता पुढचा रविवार. नीट ऐक.

बैठकीला पंधरा दिवस राहिले होते. चौदा नंबरच्या घोडीवर आता तारांच्या बारीक चिरा दिसायला लागल्या होत्या. चाचांनी ठरवलं होतं, कानशाकडून आधी चाचींचं वळण मोजून ठेवायचं, कायमचं. मग तेवढ्या चिरा घालवून हुबेहूब तेच वळण परत आणायचं. त्यांनी तारा सैल करून बाजूला सरकवल्या, कानशाला घोडीसमोर उभा केला आणि गार्गीला म्हणाले, "आधी मोजू, मग जवारी काढू. मी चहा घेऊन येतो. तू बस इथं."

गार्गी बसली. पाच मिनिटं. सात मिनिटं. तुला माहितीय ना ती कशी आहे ते? तिला वाटलं, चाचा येईपर्यंत झालेलं असलं तर? चाचा दारातून येतील आणि बघतील तर काय, तयार! हात थरथरतात बिचाऱ्यांचे, किती वेळ लागतो त्यांना. मोजायचं काय, कानशा मोजतच असेल की काम करताना.

"कानशा," ती म्हणाली, "जवारी काढ."

कानशाचा दिवा लागला. "जवारी म्हणजे घोडीचा तारेला घासणारा भाग. तो काढायचा. बरोबर?"

"हो रे बाबा, हो."

"किती काढू?"

गार्गीला वाटलं, किती तारांची ते विचारतोय. "सगळी! चारही तारांची. पटकन."

कानस चालायला लागली. इतकी मऊ, की आवाजही नाही. पांढरी भुकटी पडत होती, टाल्कम पावडरसारखी. दोन मिनिटांत झालं. कानशानं तारा जागेवर आणल्या, ताणल्या, सुरात लावल्या. गार्गीनं खर्ज छेडला.

टण्ण.

बस. एवढंच. टण्ण, आणि संपलं. पत्र्याच्या डब्याला बांधलेली तार वाजवावी तसं. पुन्हा छेडली. टण्ण. ग नाही, काही नाही, नुसता सा, आणि तोही कोरडा.

"कानशा, तू... काय केलंस?"

"जवारी काढली," कानशा म्हणाला. "आता जवारी नाही."

कळलं तुला? तंबोरे घडवणारे लोक जवारी काढणं म्हणतात ते, आपण चित्र काढणं म्हणतो ना, तसं. घासून घासून ते वळण आणणं. आणि कानशा बिचारा शब्दकोशातून शिकलेला. त्याच्या लेखी काढ म्हणजे डाग काढ, चप्पल काढ. जो भाग तारेला घासतो तो त्यानं साफ खाली उतरवला. तार आता फक्त पुढच्या एका कडेवर टेकत होती. आणि मोजलं? मोजलं नव्हतं. मोजायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चाचा आले. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात गार्गीसाठी खारी. तारा चढवलेल्या बघून थबकले. पेला ठेवला. एक तार छेडली. मग वाकून, डोळे मिटून, घोडीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं, गार्गीला बघवेना.

"काय केलंस रे हे?"

"जवारी काढली," कानशा म्हणाला. "सांगितलं होतं तशी."

कोणी सांगितलं होतं, एवढं विचारलं असतं तर कानशानं नाव घेतलं असतं. तो खोटं बोलत नाही. पण न विचारलेलं सांगतही नाही. आणि चाचांनी विचारलंच नाही. ते स्टुलावर बसले.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच. जाता जाता मीच म्हणालो ना याच्यासमोर, जवारी काढू म्हणून. माझीच जीभ."

गार्गीनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. "चाचा..."

"बेटा, तू घरी जा. बस येईल तुझी."

आणि ती गेली. दार उघडं होतं, बस उभी होती. खारी तिच्या हातात होती, ती तिनं खाल्लीच नाही.

मग काय काय झालं बघ. दुसऱ्या दिवशी सगळे बैठकीच्या तयारीला जमले, तेव्हा वैजूताई इतक्या चिडल्या की म्हणाल्या, हा रोबो आजच्या आज परत पाठवा. चाचा म्हणाले, "त्याची काय चूक ताई? चूक सांगणाऱ्याची." गार्गी तिथंच सतरंज्यांच्या घड्या घालत होती. एकच घडी तिनं चार वेळा घातली.

घरी तिनं आरशासमोर सराव केला. चाचा, मी सांगितलं होतं. सहज जमायचं आरशासमोर. बुधवारी तर ती वाद्यघरापर्यंत जाऊन आली. चाचा एकटेच बसले होते, चौदा नंबर मांडीवर आडवा, आणि त्या सपाट घोडीवर बोट. ती दारातूनच परत फिरली.

पुढच्या रविवारी चाचांनीच सगळ्यांना बोलावलं. "वाजायचं तर आहे ना याला. आणि गार्गीचा प्रश्न पण राहिलाय. गिटारमध्ये ग का नाही? आता उत्तर समोरच आहे. ऐका."

कानशानं भिंतीवर दोन चित्रं टाकली. एक गेल्या वर्षीच्या बैठकीचं, कारण तिचा आवाज साठवलेला होता. दुसरं आत्ताचं. दोन्हींत उभ्या काठ्या, एकेका उपस्वराची एकेक. काठी जेवढी उंच तेवढा तो स्वर मोठा. गेल्या वर्षीच्या चित्रात काठ्यांची दाटी होती, आणि पाचवी, गंधाराची, चांगली उंच. आत्ताच्या चित्रात पहिली काठी उंच, दुसरी बरी, आणि पाचवी? गवताच्या पातीएवढी.

"म्हणजे ग आहे," तौसीफ म्हणाला, "पण त्याला कोणी बोलू देत नाही."

"वा! अगदी तसंच." चाचांनी हाताचा पंजा वाकवला, त्याच्या पाठीवर दोरी टेकवली. "तार नुसत्या कडेवर टेकली, की एकदा छेडल्यावर सगळी ताकद त्या एका मोठ्या पोटात राहते. तुझ्या दादाची गिटार तशी. पण वळणावर टेकली, की बघ. तार खाली आली की उतारावर जरा निजते. वर गेली की उठते. निजली की तिची लांबी कणभर कमी, उठली की कणभर जास्त. दर हेलकाव्याला एक बारीकशी टिचकी बसते. सेकंदाला शंभर हेलकावे, शंभर टिचक्या. या टिचक्यांनी मोठ्या पोटातली ताकद छोट्या पोटांना वाटली जाते. दोनला, तीनला, पाचला. म्हणून गंधार मोठा होतो. तारेखाली सुताचा धागा सरकवतो ना आपण, तो तिला उतारावर नेमक्या जागी आणायला. हे सगळं मिळून जवारी."

गार्गीला कळलं. एकदम, पूर्ण कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की दोन मिनिटांत भुकटी होऊन खाली पडलं ते नेमकं काय होतं.

"कानशा," ती म्हणाली, "गेल्या वर्षीच्या आवाजावरून चाचींचं वळण उलटं शोधता येईल?"

कानशानं हिशेब केला. बराच वेळ लागला त्याला. "या आवाजाला जुळणारी वळणं चारशे बारा सापडली. त्यातलं जैतूनचाचींचं कोणतं, ते आवाजावरून ठरत नाही."



मग चाचांनी कानस काढली, खरीखुरी, लाकडी मुठीची. आणि ती दिली गार्गीच्या हातात! म्हणाले, माझा हात थरथरतो, कानशाला मी आता सांगत नाही काही, तुझा हात शांत आहे. शांत! घोडीची उंची कमी झाली होती म्हणून तिच्याखाली एक पातळ पट्टी बसवली, आणि मग रोज शाळा सुटली की वाद्यघर. तीन वेळा घास, भुकटी पूस, तार चढव, ऐक. पुन्हा उतरव. तीन वेळा घास. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून मागून." "बस, आता पुढून." मधेच म्हणायचे, "जैतून असती तर एका दुपारी केलं असतं. आणि मला शिव्या घातल्या असत्या, माझ्याच जिभेपायी गेलं म्हणून."

सांग ना, त्या वेळी गार्गीनं काय करायचं? कानस हातात, चाचा शेजारी, आणि ते असं बोलतायत.

ती घासत राहिली.

बैठकीच्या आदल्या दिवशी गंधार आला. बारीक, उशिरा, लाजत आल्यासारखा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचा ऐकत राहिले. "आहे," ते म्हणाले. "गंधार आहे. तिचा लवकर यायचा."

बैठक संध्याकाळी पाचला होती. दालन भरलेलं. वैजूताई पुढं, आणि त्यांच्या मागं चौदा नंबर घेऊन बसली होती गार्गी, कारण चाचांनी सांगितलं, जवारी तिनं काढलीय, तीच छेडेल. सुरू होण्याआधी चाचा उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. ते म्हणाले, "दरवर्षी इथं माझ्या बायकोच्या हातची जवारी ऐकता तुम्ही. यंदा ती नाही. माझ्या चुकीनं गेली. माफ करा." आणि खाली बसले.

गार्गी छेडत राहिली. प, सा, सा, सा. प, सा, सा, सा. तिला गंधार ऐकूच आला नाही. आला असेल, पण तिच्या कानात दुसरंच चाललं होतं.

लोक गेले, सतरंज्या गुंडाळल्या, आणि गार्गी कार्यशाळेत गेली. चाचा तारा सैल करत होते.

"चाचा, तुम्ही नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं. कानशानं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणाले. मोजायला पण नाही सांगितलं."

चाचांचा हात खुंटीवर थांबला.

त्यांनी ती तार पुरती सैल केली. मग म्हणाले, "पंधरा दिवस मी रोज तिची माफी मागतोय, पोरी. रोज सकाळी, चहा करताना." आणखी काही बोलायचं होतं त्यांना, पण ते कपाट बंद करून निघून गेले. बेटा म्हणाले नाहीत. हेच गार्गीच्या लक्षात राहिलं, की ते पोरी म्हणाले.

पुढच्या रविवारी तिला वाटलं, जाऊच नये. तरी गेली. चाचा तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. सगळ्यांना धडा दिला, आणि शेवटी तिच्यासमोर एक जुनी, झिजलेली घोडी आणि कानस ठेवली. बस. महिनाभर असंच. मग एके दिवशी म्हणाले, "मागून जास्त घासतेस तू. जैतूनही सुरुवातीला तसंच करायची."

आता वाद्यघराचा नियमच झालाय, आधी मोजायचं. चाचा, कानशा आणि गार्गी मिळून म्हाताऱ्या कारागिरांच्या घरी जातात. एकेका हाताचं वळण मोजून ठेवतात, कारागीर समोर असताना, त्याला विचारून विचारून. एकतीस झालीत आतापर्यंत. त्यातली नऊ बायकांची आहेत, आणि त्यांची नावं कोणत्याच पाटीवर नव्हती! आता ती वाद्यघराच्या भिंतीवर येणार आहेत. पुढच्या वर्षी तर मुलं त्या काचेवर हात ठेवतील आणि प्रत्येकीचा गंधार वेगवेगळा ऐकू येईल. जैतूनचाचींची जागा मात्र तिथं रिकामी आहे. फक्त नाव.

चाचा परत बेटा म्हणायला लागलेत, पण गार्गी अजून ते पंधरा दिवस मोजते. ती म्हणते, चूक झाली त्याचं एक वेळ समजू शकेन मी, पण त्या स्टुलाजवळून मी दारापर्यंत चालत कशी गेले?

म्हणून विचारतेय. चाचा म्हणालेत, माझीच जीभ. तुझ्याकडे कोणीच बघत नाहीये. दार उघडं आहे, बस उभी आहे. खरं सांग, अगदी खरं. तू काय केलं असतंस?